नऊ रात्रींची वहिवाट

लोकप्रिय संगीताच्या व्यवहारात कीर्तीचा हिशेब आठवड्यांनी मांडण्याचा रिवाज आहे. अमुक गीत इतके आठवडे अग्रक्रमावर राहिले, तमुक गीत तिसऱ्याच आठवड्यात यादीबाहेर गेले, अशा नोंदींवरून गायकाची पत ठरविणारी ही पद्धत पाश्चात्त्य ध्वनिमुद्रिका-व्यवसायाने रूढ केली आणि गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात उपग्रहवाहिन्यांनी ती आपल्या दिवाणखान्यांत आणून सोडली. या पद्धतीच्या दप्तरात गायिका फाल्गुनी पाठक यांचे नाव शोधू गेल्यास ते १९९८ पासून पुढे चार-पाच वर्षे, मोजक्याच गीतांसमोर लिहिलेले आढळेल. त्यानंतरची पाने कोरी दिसतील. परंतु आश्विनातील नवरात्राच्या नऊ दिवसांपैकी एखाद्या सायंकाळी जो बोरिवली स्थानकाच्या पश्चिमेकडचा जिना उतरला आहे, आरशांनी लखलखणाऱ्या चणियाचोळ्यांच्या आणि केडियांच्या लोंढ्यात सापडून ज्याने रिक्षाच्या रांगेत पाऊण तास काढला आहे, आणि त्या रांगेतील बहुतेकांना एकाच मैदानावर, एकाच बाईंचे गाणे ऐकत गरबा खेळायला जायचे आहे हे ज्याच्या ध्यानी आले आहे, त्याला ही कोरी पाने पटणार नाहीत. यादीतून नाव गेले, पण गाणे गेले नाही आणि माणसेही गेली नाहीत. या विसंगतीचा उलगडा करणे हेच पुढील लेखनाचे प्रयोजन आहे, आणि वाचकाने त्या लेखनात शिरण्यापूर्वी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात म्हणून ही प्रस्तावना.

प्रथम तो काळ. १९९२ मध्ये झी वाहिनी सुरू झाली, १९९४ मध्ये चॅनल व्ही आणि १९९६ मध्ये भारतासाठी स्वतंत्र एमटीव्ही आली, आणि चित्रपटाच्या आधाराशिवाय गाणे लोकांपर्यंत पोचू शकते ही गोष्ट, जी आपल्याकडे भावगीताने आणि नभोवाणीने पूर्वीच सिद्ध केली होती, ती नव्या पिढीला नव्याने कळली. अलिशा चिनॉय यांचे 'मेड इन इंडिया' १९९५ चे. लकी अली यांचा 'सुनो' आणि हरिहरन व लेस्ली लुईस यांचा 'कलोनियल कझिन्स' हे दोन्ही १९९६ चे. कंपन्यांना वाहिन्यांसाठी चित्रफिती हव्या होत्या, वाहिन्यांना वेळ भरून काढण्यासाठी गाणी हवी होती, आणि प्रायोजकांना पंधरा ते पंचवीस वयाचा तो ग्राहक हवा होता, ज्याच्यासाठी तोवर स्वतंत्रपणे कोणी काहीच निर्माण केले नव्हते. या त्रिवेणी संगमावर १९९८ साली फाल्गुनी पाठक यांचा 'याद पिया की आने लगी' हा गीतसंच आला. १९९९ मध्ये 'मैंने पायल है छनकाई' आणि २००० मध्ये 'मेरी चुनर उड उड जाए'.

या चित्रफिती ज्यांनी त्या वेळी पाहिल्या त्यांना त्यांचे कथानक आजही सांगता येईल, कारण त्यांना खरोखरीच कथानक होते. एक कोवळ्या वयाची मुलगी, एक मुलगा, महाविद्यालयातील एखादा कार्यक्रम किंवा कुटुंबाची सहल, थोडा गैरसमज, थोडा रुसवा, आणि शेवटी दोन्ही हात एकमेकांत. 'मैंने पायल है छनकाई' मध्ये कळसूत्री बाहुल्यांचा खेळ आहे. 'मेरी चुनर' मध्ये पुढे चित्रपटांत गेलेली आयेशा टाकिया अगदी शाळकरी वयात दिसते. 'याद पिया की' मध्ये रिया सेन आहे. परंतु माझे लक्ष नेहमी खिळते ते या सर्वांच्या कडेला उभ्या असलेल्या गायिकेवर. शर्ट, पँट, क्वचित जाकीट, आखूड कापलेले केस, हसरा चेहरा. ती नायिका नाही, नायकाची प्रतिस्पर्धी नाही, कुणाची आई वा मावशी नाही. तिला सारे आधीच ठाऊक असते, ती डोळ्यांनी खूण करते, भांडलेल्या दोघांना एकमेकांसमोर आणते आणि बाजूला होते. जुन्या संगीत नाटकातील सूत्रधार नांदीनंतर रंगमंचावरून जातो. ही सूत्रधार अखेरपर्यंत थांबते. गायिकेने स्वतःच्या गाण्याच्या चित्रफितीत स्वतःकडे इतके थोडे मागावे, हे त्या काळाच्या रीतीला धरून नव्हते, आणि मला वाटते, उपनगरातील लाखो मुलींना तिच्याविषयी जो विश्वास वाटला त्याचे एक कारण येथेच आहे.

ती लाट ओसरली त्याची कारणे फार गूढ नाहीत. संगणकावर नकलून घेतलेल्या तबकड्यांनी कॅसेटचा बाजार मोडला; २००२ मध्ये मुंबईत खाजगी एफएम केंद्रे आली, त्यांनी चित्रपटगीतांचा मार्ग धरला; जुन्या गीतांना नवा ताल चढविण्याची साथ सुरू झाली, आणि मोठ्या चित्रपटांच्या जाहिरातींसाठी वाहिन्यांवरील वेळ विकत घेतला जाऊ लागल्यावर स्वतंत्र गीतसंचासाठी जागाच उरली नाही. त्या पिढीतील काहीजण पार्श्वगायनाकडे वळले, काही परदेशी गेले, काही शांत झाले. त्यांच्यापैकी बहुतेकांना परतण्यासाठी मैदान नव्हते. फाल्गुनी पाठक यांना होते, आणि ते त्यांनी यादीत नाव येण्यापूर्वीच कमावून ठेवले होते.

गुजराती कुटुंबातील चार मुलींनंतरची ही पाचवी मुलगी. घरात मुलाची अपेक्षा होती आणि बहिणींनी तिला लहानपणी मुलाचे कपडे घातले, तेच पुढे अंगवळणी पडले, असे त्यांनी स्वतः मुलाखतींतून सांगितले आहे. शाळकरी वयापासून कार्यक्रमांत गाणे सुरू झाले. १९९४ मध्ये त्यांनी 'ता थैया' हा स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. हे साल मी मुद्दाम अधोरेखित करतो. पहिला गाजलेला गीतसंच येण्याच्या चार वर्षे आधी या गायिकेकडे स्वतःचे वादक होते, स्वतःचा क्रम होता, आणि उघड्या मैदानावर हजारो माणसांना तासन् तास चालविण्याचा अनुभव होता. ध्वनिमुद्रण-कंपनीने त्यांना घडविले, हा समज म्हणूनच उलटा आहे.

आता एका आक्षेपाचे निरसन करणे भाग आहे. गीतकार-गायक या पंक्तीत त्यांना बसविता येईल काय, असे विचारले जाते; कारण गाजलेल्या गीतांचे शब्द इतरांचे, चाली इतरांच्या. आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे, परंतु तो ज्या कागदावरून वाचला जातो तो कागद अपुरा आहे. गरब्याच्या परंपरेत रचना म्हणजे केवळ एका गीताची रचना नव्हे. सच्छिद्र मातीच्या घटात दिवा ठेवून त्याभोवती स्त्रियांनी फेर धरावा, एकीने ओळ म्हणावी, बाकीच्यांनी झेलावी, टाळी पडावी आणि पाऊल उचलावे, या मूळच्या विधीत गीत कुठे संपले आणि दुसरे कुठे सुरू झाले याला महत्त्व नव्हते. फेर तुटता कामा नये, एवढाच दंडक. पेशवाईच्या उत्तरार्धात राम जोशी आणि होनाजी बाळा आपल्याकडे लावणी घडवीत होते, साधारण त्याच सुमारास गुजरातेत दयाराम (१७७७-१८५३) आपल्या गरबी रचीत होता, आणि त्या कृष्णभक्तीच्या, लाडिक तक्रारीच्या रचना आजही फेरात म्हटल्या जातात. विसाव्या शतकात अविनाश व्यास (१९१२-१९८४) यांनी त्याच परंपरेला ध्वनिमुद्रिकेचे आणि चित्रपटाचे दालन उघडून दिले. फाल्गुनी पाठक यांना या वारशातून जे मिळाले ते शब्द व चाली एवढेच नव्हते. फेर न तोडण्याची जबाबदारीही मिळाली.

ती जबाबदारी त्या कशी पार पाडतात हे मैदानात उभे राहून पाहिल्याशिवाय कळत नाही. आरतीनंतर प्रारंभ संथ असतो. सहा मात्रांचा हींच ताल, देवीची जुनी रचना, आतल्या वर्तुळात सरावलेले गट आणि बाहेर चपला काढून नुकतेच शिरलेले नवखे. ढोल आणि ऑक्टोपॅड एकमेकांच्या अंगावर रेलून वाजतात. अर्ध्या तासाने लय किंचित चढते, इतकी किंचित की पावलांना ती जाणवते, कानांना नाही. मग एखादी ओळ अशी येते की तिच्या शेवटच्या अक्षरावर पुढच्या गीताचे पहिले अक्षर बसते. स्वर तोच, ताल तोच, गीत मात्र बदललेले. दोढियूंची पावले टाकणारी मुलगी आपण दुसऱ्या गाण्यात आलो हे दोन गिरक्यांनंतर ओळखते आणि हसते. देवीवरून कृष्णावर, कृष्णावरून एखाद्या जुन्या चित्रपटगीतावर, तेथून १९९८ च्या 'याद पिया की' या विरहगीतावर, आणि पुन्हा देवीवर. ते विरहगीत सुरू होताच मैदानातून जो आवाज उठतो, त्यात ज्यांचा जन्मही १९९८ नंतरचा आहे अशांचे आवाज अधिक असतात. बाई मध्यंतर घेत नाहीत. त्या गातात, मंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतात, वादकाला हाताच्या एका हालचालीने लय देतात, आणि दमलेला एखादा गट कडेला बसू लागला की असे काही काढतात की तो उठून परत फेरात येतो. अडीच तासांची ही एकच रचना आहे. ती दर रात्री नवी होते आणि तिचे कर्तृत्व निःसंशय त्यांचे आहे. कागदावर न उतरलेल्या कर्तृत्वाला कर्तृत्व न मानण्याची सवय आपण सोडली पाहिजे. कीर्तनकाराच्या आणि शाहिराच्या बाबतीत ती आपण कधीच सोडली आहे.

या सर्व प्रकरणात उपनगराचा भाग किती, हा प्रश्न मला विशेष जिव्हाळ्याचा वाटतो. बृहन्मुंबईची हद्द १९५७ साली दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली आणि पुढच्या तीन-चार दशकांत भुलेश्वर, काळबादेवी, गिरगाव येथील दाटीतून गुजराती व कच्छी कुटुंबे घाटकोपर, मुलुंड, कांदिवली, बोरिवली येथे आली. त्याच वाटेने गिरगाव-दादरची मराठी कुटुंबेही आली. चाळीचा चौक गेला आणि सोसायटीचे आवार आले. आरंभी गरबा त्या आवारातच होई: मध्ये देवीची तसबीर, वर बांधलेली झिरमिळ्यांची दोरी, तबला-पेटीवाले कुणी ओळखीचे, आणि जिन्यावर बसून पाहणारी वडीलधारी मंडळी. त्याच दिवसांत त्याच इमारतीतील मराठी मुली पाटावर हत्ती काढून भोंडला खेळत आणि खिरापत ओळखून झाली की खाली उतरून गरब्यात मिसळत. फेर दोन्हीकडे होताच. एकीकडे शब्दांच्या गमतीवर भर, दुसरीकडे पावलांवर. १९६० साली दोन राज्ये वेगळी झाली त्यापूर्वीचा कडवटपणा ज्यांच्या आठवणीत होता अशी माणसे या आवारांतून राहत होती, आणि त्यांच्या नाती मात्र एकमेकींची ओढणी नीट करीत होत्या. मुलुंडला महाकवी कालिदास नाट्यमंदिर आणि बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह ही मराठी रसिकांची हक्काची ठिकाणे. नवरात्रात त्यांच्याच आसपासच्या रस्त्यांवरून दांडिया हातात घेतलेले घोळके जातात, आणि त्यांतील निम्मी बोलणी मराठीत चाललेली असतात.

आवारातून मैदानात येताना गरब्याने बरेच काही गमावले, हे मान्य केले पाहिजे. प्रवेशपत्रिका आल्या, त्यांच्या किमती मध्यमवर्गाला जड वाटाव्यात इतक्या चढल्या, देवीच्या तसबिरीपेक्षा बांधकाम-व्यावसायिकाचा फलक मोठा झाला. जिन्यावर बसणारी आजी प्रवेशपत्रिका घेऊन येणार नाही. परंतु मैदानाने एक गोष्ट दिली, जी आवाराला देता आली नसती. आवारात प्रत्येक मुलीवर ओळखीचे डोळे होते; मैदानात ती दहा हजारांतील एक असते, आणि तरीही सुरक्षित असते, कारण मंचावर जी उभी आहे ती अंगप्रदर्शनाचे एकही गाणे गाणार नाही, अशी खात्री तिच्या आईबापांना पंचवीस-तीस वर्षांपासून आहे. उशिरापर्यंत बाहेर राहण्याची मुभा उपनगरातील किती घरांत केवळ या एका नावावर मिळाली असेल! विक्रीच्या कोणत्याही आकड्यापेक्षा मला हे मोठे वाटते.

रात्रीच्या वेळेचा प्रश्नही येथेच येतो. पूर्वी गरबा पहाटेपर्यंत चाले. ध्वनिप्रदूषणासंबंधीचे नियम २००० साली झाले, रात्री दहानंतर ध्वनिवर्धकास मनाई झाली, २००५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ती दृढ झाली, आणि वर्षातील मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार तेवढा शासनाकडे राहिला. नवरात्राच्या वाट्याला त्यांतील दोन-तीन दिवस येतात. डॉ. यशवंत ओक आणि पुढे सुमैरा अब्दुलअली यांनी या प्रश्नाचा जो पाठपुरावा केला त्याबद्दल मला आदर आहे. रुग्णालय आणि अभ्यासाला बसलेली मुले यांचा हक्क उत्सवाहून कमी नाही. गायकांनी आणि आयोजकांनी तेव्हा तक्रारी केल्या. पण कलेवर बंधन आले की ती कधीकधी घट्ट होते. रात्रभर सैल पसरणारा कार्यक्रम साडेसात ते दहाच्या आत बसवायचा झाल्यावर गीतांमधील मोकळ्या जागा नाहीशा झाल्या, उद्घोषणा गेल्या, सत्कार आटोपते झाले, आणि न थांबता गाणाऱ्या या गायिकेची पद्धत हीच सर्व मैदानांची पद्धत होऊन बसली. दहाला पाच मिनिटे कमी असताना लय कुठवर न्यावी, आणि पोलीस बंदोबस्तातील अधिकारी घड्याळाकडे पाहू लागण्यापूर्वी ती कशी खाली आणावी, ही नवी विद्या आहे आणि तिच्यातील त्यांचे प्रावीण्य पाहण्याजोगे आहे.

२०२० आणि २०२१ या दोन वर्षी महासाथीमुळे सार्वजनिक गरब्याला मनाई होती. २०२२ साली मैदाने पुन्हा उघडली, आणि त्याच सप्टेंबरात एक प्रकरण घडले, ज्याचा ऊहापोह केल्याशिवाय ही कारकीर्द समजणार नाही. 'मैंने पायल है छनकाई' या गीताचे नवे रूप, 'ओ सजना' या नावाने, नेहा कक्कर यांच्या आवाजात टी-सीरिज कंपनीने बाजारात आणले. मूळ गीताबरोबर वाढलेल्या श्रोत्यांनी त्यावर उघड नापसंती व्यक्त केली. खुद्द फाल्गुनी पाठक यांनीही आपले दुःख लपविले नाही, आणि कायदेशीर कारवाई का करीत नाही असे विचारले असता गीताचे हक्क आपल्याकडे नाहीत, असे स्पष्ट सांगितले. लेखनहक्काच्या कायद्यात २०१२ साली जी सुधारणा झाली तिने गीतकार, संगीतकार आणि गायक यांच्या मानधनाच्या हक्काला बळकटी दिली, परंतु १९९९ च्या सुमारास झालेले करार त्या पूर्वीच्या जगातले होते, आणि त्या जगात ध्वनिमुद्रणाची मालकी निर्मात्याची, एवढाच खुलासा असे.

जमिनीच्या जुन्या व्यवहारात सनद एकाच्या नावे आणि वहिवाट दुसऱ्याची, असे प्रसंग पुष्कळ येत, आणि गावाला विचारले तर गाव वहिवाटीच्या बाजूने साक्ष देई. या गीताच्या बाबतीत नेमके तसे झाले. कागद कंपनीकडे होता; पण दरसाल नऊ रात्री ते गीत जिने कसले, पेरले आणि पिकविले, तिचेच ते आहे असे लोकांनी एकमुखाने सांगितले. कायद्याने या साक्षीला किंमत द्यावी की नाही हे कायदेपंडितांनी ठरवावे. माझे मत असे की इतक्या वर्षांच्या अखंड गायनाला पुनर्निर्मितीच्या वेळी निदान संमतीचा अधिकार असावा, आणि पुढच्या एखाद्या दुरुस्तीत त्याचा विचार व्हावा.

डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने गुजरातच्या गरब्याचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केला. ही यादी आठवड्यांची नाही, हे समाधान आहे. परंतु तिच्यात गुजरातचे नाव आहे, बोरिवली-घाटकोपरचे नाही. आणि उपनगरी गरबा, ज्यात वाद्यवृंद विद्युत्‌वाद्यांचा, भाषा तीन, आणि खेळणारे निम्मे गुजराती नसलेले, तो त्या व्याख्येत बसेल की नाही याची मला शंका आहे. त्यामुळे त्याची नोंद आपणच ठेवायला हवी. चित्रपटगीतांचे कोश झाले, नाट्यपदांच्या सूची झाल्या. या मैदानांवर कोणत्या साली कोणत्या क्रमाने गाणी गायली गेली, कोणत्या ढोलवादकाने कोणता ठेका रूढ केला, मालाडच्या नटराज मार्केटमध्ये चणियाचोळीचा घेर कोणत्या वर्षी किती वाढला आणि पावलांची रीत त्यामुळे कशी बदलली, ही माहिती आज वादकांच्या, ध्वनियंत्रणा लावणाऱ्या कामगारांच्या, शिवणकाम करणाऱ्या बायांच्या आणि दरवर्षी त्याच जागी भेटणाऱ्या गटांच्या स्मरणात आहे. पुढील प्रकरणांत त्यांतील काहींच्या जबान्या, जशा सांगितल्या तशा, गुजराती-मराठीच्या सरमिसळीसह दिल्या आहेत. वाचकाने त्या घाईने ओलांडू नयेत आणि आपल्या घरात एखादी जुनी कॅसेट, प्रवेशपत्रिका किंवा छायाचित्र सापडल्यास ते रद्दीत घालू नये, एवढी विनंती आहे.